माशीचा क्लोजअप फोटो आहे, आता तिचं नाव कसं शोधायचं

ऑक्टोबरात काटोलच्या काकांचा व्हॉट्सॲपवर फोटो आला, आंबिया बहाराची संत्री पिवळी व्हायला लागली होती आणि झाडाखाली रोज पाटीभर फळं गळून पडत होती, त्यातल्याच एका फळावर बसलेली पिवळट तपकिरी माशी. खाली व्हॉइस मेसेज, "पाय बरं बाप्पा, कोणती माशी हाय हे, डब्बे लावाचे का नाई?" डब्बे म्हणजे फळमाशीचे सापळे. आता प्रश्न साधा वाटतो पण त्याचं उत्तर माशीच्या नावावर अडकलेलं आहे, कारण सापळ्यात कोणतं आमिष टाकायचं ते माशीच्या जातीनुसार बदलतं, संत्र्यावरच्या माशीचे नर मिथाईल युजेनॉलला येतात आणि कारल्या-काकडीवरच्या माशीचे नर क्यू ल्यूरला. चुकीचं आमिष लावलं तर डबा महिनाभर रिकामा लटकतो आणि माणूस समजतो की माशी नाहीच.

म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतोय. काकांसारखे फोटो मला आता बरेच येतात, नागपुरात अंबाझरी तलावावर फिरायला जाणारे पाठवतात, बाल्कनीत झाडं लावणारे पाठवतात, आणि जवळपास सगळ्यांची सुरुवात एकाच जागी चुकते, ती म्हणजे रंग. हिरवी माशी, लाल डोळ्याची माशी, पिवळे पट्टे असलेली माशी. रंगाने माशी ओळखता येत नाही असं नाही पण रंग सगळ्यात शेवटी बघायचा. हिरवी चकाकणारी माशी उन्हाचा कोन बदलला की निळी दिसते, नुकतीच कोषातून निघालेली माशी फिकट असते, आणि फुलांवर येणारी एपिसिर्फस नावाची माशी तर थंडीत वाढली तर जास्त काळी होते आणि उबेत वाढली तर जास्त पिवळी. पंखाच्या शिरा मात्र थंडीत तशाच आणि मे महिन्यातल्या ४५ डिग्रीतही तशाच.

आधी फोटोच नीट पाहिजे

काकांचा पहिला फोटो व्हॉट्सॲपने दाबून टाकलेला होता, झूम केला की नुसते चौकोन. त्यामुळे पहिलं काम, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, गॅलरीतून सरळ टाकला की बारीक केस आणि शिरा गायब होतात आणि आपल्याला नेमकं तेच बघायचं असतं. फोनचं ब्युटी, एआय शार्पन असलं काही चालू असेल तर बंद करा. फोन स्वतःच्या मनाने केस गुळगुळीत करतो किंवा नसलेलं टेक्श्चर भरतो, आणि माशीच्या अंगावरचा एकेक जाड केस म्हणजे पुरावा असतो.

एका फोटोत काम होत नाही, तीन कोन पाहिजेच. वरून, म्हणजे पाठीवरचे पट्टे आणि पंख पसरलेले दिसतील. बाजूने, म्हणजे सोंड, पाय, छातीच्या बाजूचे केस. आणि समोरून चेहरा, हा सगळे विसरतात पण ॲंटेना समोरूनच नीट दिसतात. पंखाची जाळी बघायला मागून उजेड आला तर फार सोपं जातं, भिंतीवर बसलेल्या माशीपेक्षा पानाच्या कडेवर किंवा खिडकीच्या काचेवर बसलेली माशी घ्या. फोनला लावायची क्लिपवाली मॅक्रो लेन्स असेल तर उत्तम, नसेल तर थोडं लांबून २एक्स झूमने काढा आणि मग क्रॉप करा, अगदी नाकाशी फोन नेला की फोनची सावली पडते आणि माशीही उडते. फ्लॅश वापरायचा तर त्यावर बटर पेपरचा तुकडा चिकटवा, नाहीतर चकाकणाऱ्या माशीवर पांढरा डाग येतो आणि खालचं काही दिसत नाही.

नागपुरात वेळ कोणती, तर डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी. माश्या ऊन खात भिंतीवर, पानांवर सुस्त बसलेल्या असतात, जवळ जाऊ देतात. मे महिन्यात दुपारी सगळं सावलीला जातं, तेव्हा कूलरच्या आसपास, नळाखालच्या ओल्या जागेत बघा.

आणि फोटोसोबत चार गोष्टी लिहून ठेवा, तारीख, जागा, कशावर बसली होती, आणि साईज. साईजसाठी त्याच जागेवर नंतर पट्टी ठेवून एक फोटो काढला तरी चालतं. माशी दोन मिलिमीटरची की दोन सेंटिमीटरची हे क्लोजअपमधून कधीच कळत नाही, त्यात चिलट पण हत्तीएवढं दिसतं.

ही माशीच आहे का

मराठीत आपण मधमाशीला माशी म्हणतो, गांधीलमाशीला माशी म्हणतो, त्यामुळे गोंधळ आधीच तयार आहे. मधमाशी आणि गांधीलमाशी यांना चार पंख असतात, खऱ्या माशीला दोनच. मागच्या पंखांच्या जागी टाचणीसारख्या दोन बुटक्या काड्या असतात, टोकाला गोळा, त्यांना संतुलक म्हणतात, उडताना तोल त्यांनीच सांभाळला जातो. फोटोत बाजूने बघितलं तर पंखाच्या मुळाशी मागे हा पिवळा-पांढरा गोळा दिसतो. घरमाशीत तो पांढऱ्या पडद्यासारख्या झालरीखाली लपतो म्हणून दिसला नाही तर घाबरू नका. मधमाशीचे पुढचे-मागचे पंख बारीक आकड्यांनी जोडलेले असल्यामुळे चार पंख फोटोत दोनच वाटू शकतात, अशा वेळी ॲंटेना बघायच्या, मधमाशीच्या लांब आणि कोपरात वाकल्यासारख्या, माशीच्या आखूड, आणि माशीचे डोळे डोक्याचा बहुतेक भाग व्यापतात.

एक फसवा प्राणी सांगून ठेवतो, जास्वंदावर जो पिठ्या ढेकूण असतो त्याच्या नराला पण दोनच पंख असतात. अगदी इवलासा, नाजूक, शेपटीला पांढरे लांब धागे. तो माशी नाही.

ॲंटेना

आता खरं काम. ॲंटेना बघितल्या की माश्यांचं जग दोन भागात पडतं. लांब, बऱ्याच तुकड्यांच्या, मण्यांच्या माळेसारख्या किंवा पिसासारख्या ॲंटेना असतील तर ती डास, चिलट, मोरीतली माशी या बाजूची. आखूड, तीनच तुकड्यांच्या वाटतील तर घरमाशी, फुलमाशी, गोमाशी या बाजूची.

आखूडवाल्यांपैकी बऱ्याच माश्यांत (गोमाशीत नाही) तिसऱ्या फुगीर तुकड्यावर एक केस उभा असतो, त्याला एरिस्टा म्हणतात. त्या केसाला दोन्ही बाजूंनी पिसासारखे उपकेस टोकापर्यंत असतील तर घरमाशी किंवा हिरवी-निळी माशी असण्याची शक्यता. पिसं अर्ध्यापर्यंतच आणि पुढे टोक उघडं, तर मांसमाशीकडे बघा. फक्त वरच्या बाजूनेच पिसं आणि तोंडातून सुईसारखी सोंड पुढे आलेली, तर ती चावणारी तबेल्यातली माशी, स्टोमॉक्सिस. गोठ्यात पायाला चावून रक्त काढते ती हीच, लोक म्हणतात घरमाशी चावली पण घरमाशीची सोंड चावण्याची नाहीच, ती स्पंजासारखी, फक्त चाटते.

मोरीतली माशी म्हणजे बाथरूमच्या टाईलवर बसणारी, पंख छपरासारखे आणि हृदयाच्या आकाराचे, अंगभर केस. पंखांच्या कडेला पांढरे ठिपके असतील तर क्लॉग्मिया अल्बिपंक्टाटा, ही बहुतेक घरात असते आणि फोटोवरून नाव सांगता येणाऱ्या मोजक्या छोट्या माश्यांपैकी आहे.

डासाचं वेगळं सांगायला पाहिजे कारण नागपुरात घरोघरी कूलर असतो आणि कूलरच्या पाण्यात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. डासाचा फोटो वरूनच काढा. पाठीवर पांढऱ्या खवल्यांनी वीणेसारखा आकार काढलेला असेल, म्हणजे दोन वाकड्या रेषा बाहेरून आणि मधे दोन बारीक, तर एडिस इजिप्ती. मधोमध एकच पांढरी सरळ रेघ असेल तर एडिस अल्बोपिक्टस. दोघांच्याही पायावर पांढरे पट्टे असतात त्यामुळे "पायावर पट्टे आहेत म्हणजे डेंग्यूवाला" एवढ्यावर जात ठरवू नका, पाठ बघा. दोघेही डेंग्यू पसरवतात त्यामुळे कूलर तर रिकामा करून घासायचाच. आणि फुटाळा तलावावर संध्याकाळी लाईटखाली किड्यांचे जे ढग दिसतात, पिसासारख्या ॲंटेना आणि लांब सोंड नाही, ते बहुतेक कायरोनोमिड, म्हणजे डासासारखी दिसणारी चिलटं, ती चावत नाहीत.

पंखाच्या शिरा, इथे वेळ द्या

हा भाग बघून लोक पळतात पण माझ्या मते सगळ्या ओळखीत हाच सगळ्यात भरवशाचा आहे, आणि सगळ्या शिरांची नावं पाठ करायची गरज नाही. चार-पाच खुणा डोळ्यात बसल्या की रोजच्या बहुतेक माश्यांचं कुटुंब कळतं.

पंखाच्या वरच्या कडेपासून खाली लांब शिरा मोजत या. चौथी लांब शिरा टोकाजवळ जाऊन कोपरासारखी वर वाकली आणि तिसरीच्या जवळ गेली, तर घरमाशी, हिरवी माशी, मांसमाशी यांचा गट. सरळच गेली तर हे नाहीत, मग उदाहरणार्थ फॅनिया असू शकते, ती घरमाशीसारखीच दिसते, थोडी बारीक असते, खोलीच्या मध्यात पंख्याखाली घिरट्या घालत राहते.

तिसऱ्या आणि चौथ्या शिरेच्या मधे एक फिकट घडीसारखी रेघ असेल, कुठेच न जोडलेली, दोन्ही टोकं मोकळी, तर सिरफिड, म्हणजे फुलमाशी. त्यांच्या पंखाच्या बाहेरच्या कडेला शिरा कडेला समांतर वळून दुसरी खोटी कडच तयार करतात. ही खूण एकदा दिसली की मधमाशीची कितीही नक्कल केलेली असू दे, फसत नाही.

पंखाच्या टोकाशी शिरेला फाटा फुटून इंग्रजी वाय होतो आणि पंखाचं टोक बरोबर त्या दोन फाट्यांच्या मधे येतं, तर गोमाशी, जनावरांच्या मागे लागते ती. डोळ्यांवर हिरवे-जांभळे पट्टे असू शकतात पण मेल्यावर ते पुसट होतात, म्हणून जिवंतपणीचाच फोटो कामाचा. पंखाच्या मध्यभागी छोटा बंद कप्पा आणि त्यातून शिरा बाहेर पडतायत, सगळ्या जाड शिरा वरच्या कडेकडे गोळा झालेल्या, तर सोल्जर फ्लाय. घरी ओल्या कचऱ्याचं खत करत असाल तर डब्यात काळी, गांधीलमाशीसारखी, दीडेक सेंटिमीटरची येते, पोटाच्या सुरुवातीला काचेसारख्या दोन खिडक्या आणि पावलं पांढरी, ती हर्मेशिया इल्युसेन्स. तिला मारू नका, तिच्या अळ्या कचरा खाऊन संपवतात.

मग डोळे, पाठ, केस

डोळे वरून बघा. बऱ्याच माश्यांत नराचे डोळे कपाळावर एकमेकांना चिकटलेले किंवा अगदी जवळ असतात आणि मादीचे लांब, म्हणजे फोटोवरून नर-मादी पण कळतं. हे महत्त्वाचं आहे कारण काही जाती फक्त नरावरून सांगता येतात. दोन डोळ्यांच्या मधे खोलगट खाच आणि चेहऱ्यावर दाढीसारखे राठ केस असतील तर रॉबर फ्लाय, दुसरे किडे पकडून खाणारी, गोरेवाड्याच्या बाजूला सुक्या काड्यांच्या टोकावर बसलेली दिसते आणि बहुतेक वेळा तोंडात शिकार असते. डोळ्यांवरच बारीक ठिपके किंवा रेघा असलेली फुलमाशी म्हणजे एरिस्टॅलिनस.

पाठीवरचे उभे काळे पट्टे मोजा. चार म्हणजे बहुतेक घरमाशी, मस्का डोमेस्टिका. तीन ठळक, पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे करडे-काळे चौकोन, म्हणजे मांसमाशी. पट्टे नाहीत, सगळी धातूसारखी निळसर हिरवी, मोठे लाल डोळे, मटण मार्केटजवळ किंवा जास्त पिकलेल्या आंब्यावर, तर बहुतेक क्रायसोमिया मेगासेफला. तिच्या नराच्या डोळ्यात वरचे भिंग मोठे आणि खालचे बारीक, मधे स्पष्ट सीमारेषा दिसते, चांगल्या फोनमध्ये हे येतं.

पाठीच्या शेवटी जो त्रिकोणी तुकडा असतो, स्कुटेलम, त्याच्या खाली बाजूने बघितल्यावर अजून एक फुगवटा दिसला आणि पोटावर जाड काटेरी केस असतील तर टॅकिनिड. तिची अळी दुसऱ्या किड्यांच्या, बऱ्याचदा पतंगांच्या अळ्यांच्या, अंगात वाढते, म्हणजे शेतकऱ्याच्या बाजूची माशी.

आता काकांची माशी

पाठीवर पिवळ्या रेघा, पिवळा स्कुटेलम, पंखावर तपकिरी नक्षी, हे बघून फळमाशीचं कुटुंब, टेफ्रिटिडी, हे नक्की झालं. गळलेल्या फळावर लाल डोळ्यांच्या दोन-तीन मिलिमीटरच्या माश्यांचा थवा असतो तो वेगळा, ती ड्रोसोफिला, ती सहसा आंबलेल्या फळावर येते, चांगलं फळ ती पोखरत नाही. संत्र्याचा रस शोषणारा पतंग रात्री भोक पाडून जातो, फळ सडतं, मग ड्रोसोफिला येते आणि सकाळी दोष तिच्यावर जातो.

खऱ्या फळमाशीत आपल्याकडे मुख्यतः चार नावांमधे निवड करायची असते आणि त्यासाठी दोनच जागा बघायच्या, पाठ आणि पंखाची वरची कड. बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, पाठ बहुतेक काळपट, दोन्ही बाजूंना एकेक पिवळी रेघ, पंखाच्या वरच्या कडेला बारीक तपकिरी पट्टी थेट टोकापर्यंत अखंड, पोटावर काळा इंग्रजी टी. बॅक्ट्रोसेरा झोनाटा, पाठ लालसर तपकिरी, पंखावर अखंड पट्टी नाहीच, फक्त टोकाला छोटा डाग. बॅक्ट्रोसेरा करेक्टा, पट्टी आहे पण मधे तुटलेली, टोकाला पुन्हा डाग. आणि झ्युगोडॅकस क्युकरबिटी, पाठीवर बाजूच्या दोन रेघांसोबत मधोमध तिसरी पिवळी रेघ, पंखाच्या टोकाला मोठा डाग आणि शिवाय खालच्या आडव्या शिरेवर धुरकट पट्टा.

दुसऱ्यांदा नीट पाठवलेल्या फोटोत मधली तिसरी पिवळी रेघ स्वच्छ दिसत होती. म्हणजे संत्र्यावर बसलेली माशी कारल्याची होती! काकांना विचारलं तर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कारल्याचे आणि दोडक्याचे वेल होते. एवढ्यावर मी क्यू ल्यूर लावा म्हणालो असतो तर संत्र्याचं नुकसान तसंच चालू राहिलं असतं, कारण फळावर बसलेली माशी त्याच फळातून निघाली असं नसतं, ती उन्हातून सावलीला आली असेल, रस चाटायला आली असेल.

नाव कुठे थांबवायचं

ॲपवर फोटो टाकला की नाव लगेच येतं. ते नाव सुरुवात म्हणून घ्या. आयनॅचरलिस्ट हे जीवांच्या नोंदी ठेवणारं ॲप मी रोज वापरतो, पण ज्या जातीचे फोटो त्यात खूप आहेत तिकडे त्याचा कल जातो, मांसमाशीचा फोटो टाकला की सार्कोफॅगा कार्नारिया असं सुचवू शकतं, ती युरोपातली. सुचवलेल्या नावाचा नकाशा उघडून बघा, भारतात ठिपकेच नसतील तर पुढे जाऊ नका. नकाशा जुळला तरी ॲपचं नाव मक्षिकास्थाने मक्षिका उतरवून घेऊ नका, त्या जातीची एक तरी पक्की खूण आपल्या फोटोत दिसते का ते बघा आणि नोंदीत ती खूणच लिहा, "चौथी शिरा वाकलेली, पाठीवर चार पट्टे".

मांसमाशीचं तर सांगूनच ठेवतो, कितीही सुंदर क्लोजअप असू दे, जात साधारणपणे नराच्या जननांगांवरून ठरते, ती सूक्ष्मदर्शकाखाली. फोटोवर सार्कोफॅगिडी, म्हणजे मांसमाशीच्या कुटुंबाचं नाव, लिहून थांबायचं. कुटुंबापर्यंत बरोबर लिहिलेली नोंद ही जातीपर्यंत चुकीच्या लिहिलेल्या नोंदीपेक्षा कितीतरी उपयोगाची आहे, कारण चुकीचं नाव पुढे नकाशात जातं आणि त्यावरून अजून दहा जण चुकतात. फुलमाशीत मात्र फोटोवर बरंच पुढे जाता येतं, पोटाच्या एकेका भागावर दोन-दोन काळे पट्टे, एक जाड आणि एक मिशीसारखा बारीक, तर एपिसिर्फस बाल्टियाटस. हिवाळ्यात सांबाराच्या फुलांवर बघा, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर. या माशीची अळी मावा खाते.

फोटो पुरला नाही तर

काकांना शेवटी बादली लावायला सांगितली. बादलीत चार बोटं ओलसर वाळू, वर गळलेली पाच-सहा संत्री, तोंडाला मलमलचं कापड घट्ट बांधून, सावलीत, मुंग्या लागणार नाहीत अशा जागी. अळ्या फळातून निघून वाळूत शिरतात, तिथे कोष करतात, उबदार दिवस असतील तर साधारण आठ-दहा दिवसांत माश्या बाहेर येतात. निघाल्या निघाल्या फोटो काढू नका, तेव्हा त्या फिकट, पंख चुरगळलेले, कपाळावर फुगासुद्धा असतो, कोषाचं झाकण त्या त्यानेच ढकलतात. कापडावर साखरपाण्याचा बोळा ठेवून दोन-तीन दिवस जगू द्या, रंग आणि रेघा पक्क्या होतात. मग डबीत घेऊन काही मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, सुस्त होतात, पांढऱ्या कागदावर ठेवून तिन्ही कोन निवांत काढता येतात. दोन-तीन माश्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवल्या तर अमरावती रोडच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवता येतात, डबीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका, पेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.

बादलीतून अकरा माश्या निघाल्या. काकांनी सगळ्यांचे वरून फोटो काढले, या वेळी डॉक्युमेंट म्हणून पाठवले. पाठ काळपट, मधली रेघ एकीलाही नाही, पंखाच्या कडेची पट्टी टोकापर्यंत अखंड, पोटावर टी, म्हणजे डॉर्सालिस. मी मिथाईल युजेनॉल लिहून पाठवलं आणि गळलेली फळं रोज गोळा करून खोल पुरायला सांगितलं, काका त्याच दिवशी काटोलच्या कृषी केंद्रातून आमिष घेऊन आले, आणि कारल्याच्या वेलाजवळ क्यू ल्यूरचा एक डबा वेगळा लावला.